घाई करणारा ऑर्गन

“थांबा. परत पुढे पळाला,” सुधाताई म्हणाल्या आणि त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले.

गाणारे नऊ जण ओळीच्या मधेच गप्प झाले. सकाळपासूनची ही सातवी वेळ. यशश्रीने हातातला पेचकस बाकावर आपटला.

“काकू, मशीन आहे ते. तुम्ही पट्टी दाबता, ते वाजतं. आपण होऊन कसं पळेल?”

“मग गाणं आणि बाजा जुळत का नाहीत?”

यशश्रीने पेचकस परत उचलला. तिचा राग आणखी वाढला होता.

ग्वाल्हेरच्या त्या चर्चमधला ऑर्गन शंभर वर्षांचा. वाजवणाऱ्याची जागा पुढे वेदीजवळ; पाइप मात्र मागे, दरवाज्यावरच्या माडीत. पट्टी दाबली की शिशाच्या बारीक नळीतून हवा चर्चची सगळी लांबी पार करायची, आणि मग पाइप वाजायचा. यशश्रीच्या कंपनीने त्या नळ्या काढल्या आणि प्रत्येक पाइपखाली विजेवर चालणारं चुंबक बसवलं. जे पाइप सडून गेले होते त्यांचे आवाज आता डिजिटल पेटीतून, स्पीकरवर येत. पाइप आणि पेटी, दोन्ही एकाच पट्टीवर. तिच्या मते काम सोमवारीच संपलं होतं. आज शनिवार.

पाच दिवस ती रोज सकाळी दर्पण कॉलनीतून स्कूटरवर यायची आणि नसलेला बिघाड शोधायची. चुंबकं बदलली. स्पीकर हलवले. केबल नवी टाकली. मोजलं तर पट्टी दाबल्यापासून पाइप वाजेपर्यंत सेकंदाचा शंभरावा हिस्सा. सिटी सेंटरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन दिवसातून तीनदा. आणि सुधाताई साळवी, वय एकाहत्तर, चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी इथे वाजवणाऱ्या, मान हलवून तेच सांगायच्या. घाई करतोय.

चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी विल्सनसाहेब पुढे आले. उद्या बिशप येणार होते.

“मॅडम, इसमें रेकॉर्डिंगवाला बटन है ना? सारे भजन भरे हुए हैं?”

“आहेत,” यशश्री म्हणाली.

“तो बस. कल बटन दबा देंगे. सुधा आंटी को भी आराम हो जाएगा. हमेशा के लिए.”

ते हे हळू बोलले नाहीत. सुधाताईंनी वहीचं पान सरळ केलं आणि म्हणाल्या, “एकदा अजून. पहिल्यापासून.”

यशश्री चिडून त्यांच्या शेजारीच उभी राहिली. आता चूक नेमकी कुठे होते ते डोळ्यांनीच बघायचं होतं. गाणं सुरू झालं, दुसऱ्या कडव्यावर आलं, आणि लाइट गेली.

पंखे थांबले. ऑर्गन मुका झाला. पण गाणारे थांबले नाहीत. चिडलेल्या लोकांना हे कडवं एकदाचं संपवायचंच होतं. आणि सुधाताईही थांबल्या नाहीत. त्यांची बोटं मुक्या पट्ट्यांवर चालत राहिली.

यशश्री बघत राहिली. गाणाऱ्यांचा शब्द तोंडातून निघायच्या जरा आधीच सुधाताईंचं बोट पट्टीवर पडत होतं. दर वेळी. तेवढंच आधी. एकदाही चुकून बरोबर पडलं नाही.

चव्वेचाळीस वर्षं त्यांनी लांबून येणाऱ्या हवेची वाट बघितली होती. आवाज वेळेवर पोचावा म्हणून हात आधी टाकायला शिकल्या होत्या. ऑर्गन आता उशीर करत नव्हता. हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

वीस मिनिटांनी लाइट आली. यशश्रीने लॅपटॉप उघडला. पाच दिवस ती एकेक क्षण कमी करण्यासाठी भांडली होती. आता तिने एका रिकाम्या चौकटीत आकडा भरला. दाबलेली पट्टी पाव सेकंद थांबून वाजेल. पाइपही, पेटीही. तिच्या नोकरीत कुणी असं केलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

“मिळालं,” ती मोठ्याने म्हणाली, विल्सनसाहेबांना ऐकू जावं म्हणून. “एक वायर ढिली होती. आमचीच गलती.”

गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात झालं. नऊ जणांपैकी कुणीतरी टाळ्याच वाजवल्या. विल्सनसाहेब म्हणाले, “देखा, मैंने कहा था वायर होगी.”

रविवारी बिशप आले. चर्च भरलं होतं. सुधाताई दीड तास वाजवत होत्या आणि एकही ओळ तुटली नाही. लोक बाहेर चहाला गेले तेव्हा यशश्री आपल्या केबल गुंडाळत होती. सुधाताई कठड्याला धरून हळूहळू तिच्यापाशी आल्या.

“किती उशीर लावलास गं त्याला?”

यशश्रीच्या हातातली केबल तशीच राहिली. “काकू... वायरच होती.”

“लाइट गेली तेव्हा तू माझ्या हातांकडे बघत होतीस. म्हणून मीही बघितलं.”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “पाव सेकंद,” ती म्हणाली.

सुधाताईंनी दाराकडे पाहिलं. विल्सनसाहेब चहा घेत लांब उभे होते. मग त्या तिच्या कानाशी वाकल्या.

“दर शनिवारी येऊन थोडा थोडा कमी करत जा. नाताळपर्यंत मी शिकते.”