पुलावरून दिसलं ते

व्हिडिओ कॉल लागला तेव्हा गौतमी रोममधल्या एका जुन्या पुलावर उभी होती. तिच्या मागं पंखांच्या दगडी मूर्ती होत्या, खाली हिरवट नदी होती आणि डोक्यावर लख्ख ऊन. इकडं गावाकडं, कोळवणात, दिवस मावळून अंगणातला बल्ब लागला होता. तिची आई गोजराबाई अंगणाच्या कडेला, दगडी कुंपणाच्या गडग्याकडं पाठ करून कट्ट्यावर बसली होती. घरात रेंज धड येत नसे. बोलायचं तर या कट्ट्यावरच यावं लागे.

सकाळपासून गोजराबाई काळजीत होती. पोरगी हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीत खोली घेऊन एकटी राहते, इथवर तिनं मन घट्ट केलं होतं. पण परक्या मुलखात, ओळखीचं एक माणूस नसताना, नुसत्या जुन्या इमारती बघायला जायचं? प्रत्येक ठिकाणी पोचली की फोन करायचा, असं तिनं गौतमीकडून कबूल करून घेतलं होतं. पोरगी शब्द पाळत होती. दुपारी तिनं एक भलंमोठं, गोल, पडकं बांधकाम दाखवलं. जुन्या काळी इथं माणसांना सिंहांपुढं सोडायचे आणि लोक वर बसून बघायचे, असं तिनं सांगितलं. गोजराबाईच्या अंगावर काटा आला. असल्या जागी बाईमाणसानं जायचंच कशाला, असं ती म्हणाली. मग गौतमीनं छताला मधोमध मोठं भोक असलेलं एक जुनं देऊळ दाखवलं. देऊळ म्हटल्यावर गोजराबाईला जरा बरं वाटलं. पण तिथली गर्दी बघून पुन्हा धास्तीच बसली.

पर्स पोटाशी धर, कुणी दिलेलं खाऊ नको, उजेड आहे तोवर खोलीवर जा, असं ती दर फोनला बजावत होती. पोरगी परत आली की तो पासपोर्ट ट्रंकेत घालून कुलूप लावायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नवरा वाल्मीक पौडला साखरपुड्याला गेला होता, त्यामुळं जीव मोकळा करायलाही घरात कुणी नव्हतं. कुत्रं दुपारपासून घरात बाजेखाली शिरून बसलं होतं. भाकरी टाकली तरी बाहेर येईना. आपली घालमेल मुक्या जिवालाही कळली असेल, असं तिला वाटलं.

गौतमी आता फोन तोंडासमोर धरून आपल्या मागचा नदीकाठचा गोल किल्ला दाखवत होती. बोलता बोलता ती थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीच्या जवळ कुणीतरी येऊन उभं राहिलंय, असंच गोजराबाईला वाटलं.

"काय झालं गं? कोन हाय तितं?"

गौतमीनं फोन तोंडाजवळ घेतला. तिचा आवाज अगदी खाली आला.

"आई, मागं बघू नको. गडग्यावर बिबट्या हाय. हळू ऊठ आणि दाराकडं चाल. पळू नको. फोन असाच धर, मला दिसतोय तो."

गोजराबाईला आधी त्या शब्दांचा अर्थच लागेना. मग ती उठली. अंगणापलीकडं दार उघडं होतं, रोजच्यापेक्षा लांब वाटत होतं. मागं काय चाललंय ते तिला फक्त पोरीच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. गौतमीचे डोळे स्थिर असले की ती पाऊल टाकी. ते जरा हलले की तिचा पाय जागीच थिजे. चाल, अजून चाल, असं गौतमी पुटपुटत होती.

अर्ध्या अंगणात रेंज गेली. पडद्यावर गौतमी तशीच गोठली, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. तिनं काय बघितलं ते कळायला काही मार्ग नव्हता. त्याच वेळी मागं काहीतरी जड, पण मऊ, धपकन जमिनीवर उतरलं.

गोजराबाई पळाली नाही. ती चालत राहिली. उंबरा ओलांडला, दार लोटलं, कडी घातली, अडसर सरकवला. पाठोपाठ दाराच्या फटीशी हुंगल्याचा आवाज आला. बाजेखाली कुत्रं बारीक कण्हलं. ती तिथंच भुईवर बसली.

मग तिच्या ध्यानात आलं, आपण आत आलो हे पोरीला कळलेलंच नाही.

माळ्यावरच्या झरोक्यापाशी कधीमधी रेंज मिळायची. भिंतीला धरून ती शिडी चढली. झरोक्यातून तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं. बल्बच्या उजेडात बिबट्या गुरांच्या दगडी डोणीतलं पाणी पीत होता. बरगड्या मोजता याव्यात इतका वाळलेला.

फोन लागला. पलीकडून आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. गौतमी पुलावरच खाली बसली होती. भोवती माणसं जमली होती, एक बाई तिला पाणी पाजत होती. शेजारच्या राजूकाकांना फोन केलाय, ते माणसं घेऊन निघालेत, असं तिनं हुंदके देत सांगितलं. मी हितं दगड बघत फिरतेय आणि तू तिथं एकटी, असं काय काय बोलत राहिली.

"आई, मी उद्याचं सगळं सोडते," ती शेवटी म्हणाली. "मिळेल त्या विमानानं घरी येते."

दिवसभर गोजराबाईला हेच ऐकायचं होतं. खाली बिबट्यानं मान उचलली, झरोक्याकडं बघितलं आणि तो सावकाश गडगा चढून अंधारात गेला.

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. "येऊ नको. भ्या हितंबी हाय. तू समदं बघून मगच ये."