मी बघतेय तोवर

"खोका," सर्जनबाई म्हणाल्या. त्यांचा तळहात तिच्या छातीच्या मधोमध, टाक्यांच्या लांबलचक रेघेवर टेकलेला होता.

ती भीतभीतच खोकली. आत कट्‌ असा आवाज झाला. सर्जनबाईंच्या हाताखाली हाडाच्या दोन कडा एकमेकींवर घासल्या. रेघेच्या खालच्या टोकातून पिवळसर पाणी झिरपत होतं.

"सहा आठवड्यांपूर्वी हृदयाच्या ऑपरेशननंतर छातीचं हे हाड मी तारांनी आवळून बंद केलं होतं. ते पुन्हा उकललंय. काय उचललंत तुम्ही?"

"काही नाही हो. बादली. अर्धीच होती."

"ताई, एका बादलीनं एवढं होत नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बसचा ड्रायव्हर; ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आमची मुलगी. सव्वीस वर्षांची आहे. कमरेखाली जन्मापासून जीव नाही. तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, खुर्चीतून संडासला न्यायचं. मेहुणी पाच आठवडे राहून गेली. तिची सून बाळंत व्हायची, तिला तरी किती अडकवणार? मग शेजारच्या वहिनी दोन वेळा येऊन उचलणार होत्या."

"त्या यायच्याच," ती म्हणाली. "पण पोटाला वेळ कळते का? पोरगी दोन तास दात आवळून बसली होती. हाकसुद्धा मारली नाही. मी काय नुसती बघत बसू?"

"एकदाच उचललंत?"

ती हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. म्हटलं, व्हायचं ते झालं, आता आणखी काय व्हायचंय?"

सर्जनबाईंनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. "जखम हाडापर्यंत चिघळलीय. आजच पुन्हा उघडावं लागेल. तारा काढायच्या, खराब झालेलं हाड काढायचं आणि बाजूचा स्नायू ओढून त्यावर घ्यायचा. अंगात ताप आहे, साखर वाढलेली आहे. धोका आहे, खोटं कशाला सांगू?"

"आणि वाचले तर?"

"तर चालाल, फिराल, घरातलं सगळं कराल. पण जड काही उचलायचं नाही. तीन महिने नाही म्हणत मी. कधीच नाही."

"जड कुठं आहे हो ती," ती म्हणाली. "बेचाळीस किलो."

सर्जनबाईंनी संमतीचा कागद नवऱ्यापुढे सरकवला.

दोघं बाहेर व्हरांड्यात आली. तिथे लेक चाकाच्या खुर्चीत बसली होती. दार नीट लागत नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुला सांगितलं होतं ना, पलंगावरच होऊ दे म्हणून," ती म्हणाली. "चादर धुता आली असती."

"गप्प बस, छकुले."

सकाळपासून बसून बसून लेक खुर्चीत घसरली होती, कंबर पार कडेला आली होती. आईचे हात सवयीने पुढे गेले.

"आई!" लेक एवढ्या मोठ्याने ओरडली, की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हात तिथेच थांबले. मागून आलेल्या नर्सने आईला छातीशी धरायला एक उशी दिली. "ही कवटाळून धरा, मावशी. सोडू नका. दहा मिनिटांत वरून ऑपरेशनला बोलावतील."

मग नवरा पुढे झाला. पोरगी वयात आल्यापासून त्याने तिला उचललं नव्हतं. दोघांनाही अवघड वाटायचं, आणि घरात तो विषय कधी निघालाच नव्हता. तो खुर्चीच्या मागे गेला आणि तिचे खांदे धरून ओढू लागला. लेकीने ओठ दाबून धरले.

"तसं नाही," आई म्हणाली. "मागून ओढलं की तिची पाठ सोलवटते. ती सांगायची नाही. पुढून या. काखेतून धरा. तुमचा गुडघा तिच्या गुडघ्याला लावा. आता आधी तिला सांगा, मग उचला."

"उचलतो हं, बाळा," तो म्हणाला.

लेक वर आली. तिचा चेहरा बापाच्या शर्टात रुतला आणि तिथेच थरथरत राहिला. पावलं लादीवर लोंबत होती. त्याने सावकाश तिला खुर्चीत मागे सरकवून बसवलं आणि बाहीने कपाळ पुसलं.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. "चला, मावशी."

"थांब रे जरा," ती म्हणाली. तिने उशी आणखी घट्ट धरली. "अहो, पुन्हा एकदा करा. मी बघतेय तोवर."