एकही परका हात नाही

“वीस मिनिटं,” मालक म्हणाला. “साहेब येतील, बोलतील, जातील. तोवर या अकराजणी आत.”

मुकादमबाईने कोल्ड रूमकडे पाहिलं. मासे कापायच्या हॉलच्या टोकाला तो जाड पत्र्याचा दरवाजा होता. आत बर्फात रचलेल्या पेट्या. सकाळपासून कापाकापी करून अकराजणींचे ॲप्रन ओलेचिंब झाले होते.

“मागच्या अंगणात बसवते की त्यांना.”

“तिथे कॅमेरेवाले आहेत. माझ्या कारखान्यात एकही परका हात नाही, असा मी साहेबांना शब्द दिलाय. आणि कडी बाहेरून लाव. चुकून एखादी बाहेर आली तर माझी अब्रू जाईल.”

मुकादमबाईला त्या बायकांचा काही पुळका नव्हता. त्या सीमेपलीकडून आल्या, तोंड मिटून, मान मोडून काम करत राहिल्या, आणि तिच्या धाकट्या जावेला इथे जागा मिळाली नाही. निवडणुकीत तिने साहेबांनाच मत दिलं होतं. तिने एकेकीला आत घातलं. शेवटी थोरली गेली. साठीची असेल, सगळ्या तिला थोरलीच म्हणत. उंबऱ्यावर तिने विचारलं, “किती वेळ, बाई?”

“आत्ता उघडते,” मुकादमबाई म्हणाली, आणि कडी लावली.

फाटकाशी गाडी आली, पण ती पोलिसांची निघाली. साहेब त्यानंतर पंचवीस मिनिटांनी आले. मधल्या वेळात मुकादमबाई दोनदा दाराकडे निघाली आणि मालकाने दोनदा तिला परत रांगेत उभं केलं. “आता कुठल्याही क्षणी येतील,” तो म्हणत राहिला.

इथल्याच बायकांना कोरे ॲप्रन घालून पुढच्या रांगेत उभं केलं होतं. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज मधाळ होता. घाई अजिबात नव्हती.

“देश म्हणजे घर. माझ्या घरात कोण येणार, हे मी ठरवणार. परक्या राजधानीत बसून कुणी मला शिकवायचं नाही. ही धर्मशाळा नाही.”

टाळ्या झाल्या. मुकादमबाईनेही वाजवल्या.

“पाहुणा दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी तो उठला नाही, तर त्याचं बोचकं उचलून बाहेर ठेवायचं. बोट दिलं की हात धरणारी माणसं आहेत ही.”

पुन्हा टाळ्या. त्या थांबल्या तरी एक थाप मागे राहिली. मग आणखी एक. पत्र्याच्या पलीकडून, बोथट. साहेबांनी पुढचं वाक्य टाकलं, हॉल हसला आणि थापा त्या हसण्यात बुडाल्या.

“ऐकलंस?” शेजारची, वजनकाट्यावर बसणारी बाई पुटपुटली.

“ऐकलं.”

“मग वाजव टाळ्या. मालक बघतोय.”

मुकादमबाईने घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं झाली होती. कोल्ड रूमच्या दाराची आतली मूठ गेल्या वर्षी तुटली होती. ती बदला म्हणून तिनेच मालकाला दोनदा सांगितलं होतं. पुढच्या टाळ्या संपल्या, तेव्हा थाप ऐकू आली नाही. तिने वाट पाहिली. नाहीच आली.

ती रांगेतून निघाली. साहेब आणि कॅमेरे यांच्या मधून, रबरी बूट चपचप वाजवत चालत गेली. मालकाने तिचा दंड धरला. तिने तो हिसडून सोडवला आणि कडी काढली.

आधी पांढरी वाफ बाहेर आली. मग एकमेकींना धरून त्या आल्या. ओठ काळेनिळे. थोरलीला दोघींनी काखेत धरलं होतं; तिचे पाय फरशीवरून फरफटत होते.

साहेबांनी मालकाकडे पाहिलं. मालकाने जमिनीकडे पाहिलं. मग साहेब हसले आणि कॅमेऱ्याकडे वळले.

“बघा,” ते म्हणाले. “कुणी बोलावलं नव्हतं, तरी आल्या. दार जरा किलकिलं झालं की हे असं होतं.”

हॉल हसला. सुटल्यासारखा हसला.

“त्या घुसल्या नाहीत, साहेब,” मुकादमबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. “तुमचं भाषण होईपर्यंत त्यांना कोंडलं होतं. मालकाने सांगितलं. कडी मी लावली.”

हसणं विरलं. एक कॅमेरा तिच्याकडे वळला. साहेबांच्या माणसाने त्याच्या भिंगावर तळवा ठेवला.

“या बाईंची तब्येत बरी दिसत नाही. जरा मोकळ्या हवेत न्या त्यांना,” साहेब म्हणाले, आणि तोडलेलं भाषण तिथूनच पुढे जोडलं.

मालक तिच्या कानाशी आला. “उद्यापासून येऊ नकोस. आणि यांचं काय करायचं ते फाटकावरचे पोलीस बघतील.”

अंगणात ऊन होतं. तिने अकराजणींना भिंतीशी बसवलं, कोपऱ्यातली गोणपाटं आणून त्यांच्या अंगावर टाकली. त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने गोणपाट घेतलं, पण मुकादमबाईचा हात झिडकारला. मुकादमबाई थोरलीपुढे उकिडवी बसली. थोरलीची बोटं सुरी धरल्यासारखी आकसून राहिली होती. तिने ती आपल्या तळव्यांत घेतली आणि चोळू लागली.

आत पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीने मान कलती करून तो ऐकला.

“आतही हाच आवाज येत होता,” ती अडखळत म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुम्ही सगळ्या मिळून दार तोडताय.”