दगडाबाईंची इच्छा

पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. गोदावरीच्या काठी उंबराच्या सावलीत दगडाबाईंचे सगेसोयरे ताटकळले होते. त्यांचा मुलगा माणिकराव उघड्या अंगानं, नुकतंच भादरलेलं डोकं खाली घालून पाटावर बसला होता. शेजारी तीन दगडांच्या चुलीत ओल्या गोवऱ्या अजून धुमसत होत्या. चूल सावलीतच मांडायची, हा हुकूम व्यंकटरावांचा.

व्यंकटराव दगडाबाईंचे धाकटे भाऊ. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यामुळे आपला शब्द कधी चुकतो, हे त्यांना कळायची सोयच उरली नव्हती.

"आक्काचा जीव कशात तरी अडकलाय," ते म्हणाले.

"नातीचं लगीन थाटात करू, बाई!" एक जण हात जोडून ओरडला.

"म्हैस इकनार न्हाई!" दुसरा म्हणाला.

कावळा खाली यायचा, घिरटी घालायचा आणि लांब उडून जायचा.

व्यंकटरावांची नजर देवळाशेजारच्या खोलीकडं गेली. पायरीवर माणिकरावची तेरा वर्षांची निकिता बसली होती. हातात मोबाईल.

"घावलं! आक्काला ह्या पोरीचा गेम खुपत हुता." त्यांनी आभाळाकडं हात जोडले. "आक्के, हिच्या हातातला मोबाईल आजच काढून घेतो. शब्द हाय माझा. शिव आता!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आबा, कावळा रुसला न्हाई," निकिता म्हणाली. "वर बघा की. धुरानं मोहोळ हलायलंय."

आडव्या फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लटकलं होतं. त्याच्यावरून लाटा सरकत होत्या.

"गप! मोबाईलात बंदुका उडवून आमाला शिकवायलीस? काय शिकलीस गं त्यातनं?"

"नव्या जागी उतरलं की पयलं आडोसा कुठं हाय ते बघायचं. मंग बाकीचं." ती उठली. "ह्या खोलीची कडी म्या आल्या आल्याच काढून ठेवलीया. पप्पा, उठा."

माणिकराव हलला नाही. कावळा शिवायच्या आत कर्त्यानं पाट सोडायचा नसतो. त्यानं मामांकडं पाहिलं. मामा हसत होते.

"ऊठ बाबा, ऊठ! पोरीचा गेम सुरू झालाय."

माणिकरावच्या उघड्या डोक्यावर पहिली माशी बसली. त्यानं एकदा पोरीकडं पाहिलं आणि तो उठला. त्याच्या मागं आठ-दहा बायामाणसं खोलीत शिरली.

"आईच्या दहाव्याला पाट सोडतोस? अरे, लाज..."

व्यंकटरावांना पुढचं बोलता आलं नाही. उंबर गरजला. उरलेले लोक नदीकडं पळाले. व्यंकटराव जागच्या जागी हात नाचवत फिरू लागले.

"आबा, हात मारू नगा! धोतराचा सोगा डोक्यावर घ्या, सरळ दाराकडं या!" निकिता फटीतून ओरडली. दार एकदाच उघडलं. त्यांना आत ओढून तिनं ते लावून घेतलं. मग सोनपेठला फोन करून दवाखान्याची गाडी मागवली.

तासाभरानं माशा बसल्या. नदीकडं पळालेले लोक कण्हत, निथळत परत आले. व्यंकटराव गाडीची वाट बघत पायरीवर बसले होते. एक डोळा मिटला होता, दुसरा मिटत आला होता.

"आक्कानं वाचवलं," ते सुजल्या ओठांनी म्हणाले. "म्या शब्द दिलता म्हनून."

कोणी हसलं नाही. दोघा-तिघांनी तर हात जोडले.

व्यंकटरावांनी चाचपडत तळहात पुढं केला. "दे मोबाईल."

निकिता त्यांच्या कपाळात रुतलेले माशांचे काटे नखानं खरवडून काढत होती.

"हालू नगा," ती म्हणाली, आणि त्या पसरलेल्या तळहातावर एकेक काटा ठेवत गेली.