तार मी लावतो

"रिमोट नाही दादा, कंट्रोलर म्हणायचं," धाकटा म्हणाला. "रिमोट टीव्हीला असतो."

"लहानपणी आपण रिमोटच म्हणायचो." दादाने डाव्या हाताने तो उजव्या हातात नीट बसवून घेतला. उजवी बोटं आजारपणापासून जेमतेम वाकत होती. "हलका लागतोय."

"आता सगळंच हलकं येतं," धाकटा घाईघाईने म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला.

हलका लागणारच. त्यातले दोन्ही सेल त्याने सकाळीच काढून खिशात टाकले होते.

दादा शिंपी. कापड बेतावं तर त्यानेच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. अर्धांगाचा झटका आला आणि हातातली कात्री सुटली. बोटं रोज हलवत राहिलात तर कात्री पुन्हा धराल, नाहीतर विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू दादाने पहिल्याच दिवशी कपाटावर फेकला. "मी काय लहान मूल आहे?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुकानाला कुलूप लागलं.

धाकट्याकडे कोणत्याही दुखण्यावर एकच औषध होतं, कॉम्प्युटर. त्या विषयात त्याचं मत नाही अशी गोष्ट नव्हती. कीबोर्ड खडखडणाराच हवा, मऊ कीबोर्डवर टाइप करणं म्हणजे गादीवर धावणं. नवीन सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी घेणारा आणि उकळता चहा घशात ओतणारा, दोघांची अक्कल सारखीच. आणि गेम म्हणजे वेळ वाया, असं कुणी म्हटलं की तो हातातला घास खाली ठेवून भांडायचा.

"पाच वर्षांचा होतो तेव्हा मी रेसचा अख्खा गेम पुरा केला होता," हे त्यात यायचंच. "गल्लीत एकालाही जमला नव्हता. दादाला विचारा. तो मागे पलंगावर जास्तीचा रिमोट मांडीवर घेऊन बसायचा. तार तेवढी तो लावायचा, मला शॉक बसेल म्हणून. बाकी सगळं मी."

ही गोष्ट वहिनीला तोंडपाठ होती. नोकरीच्या मुलाखतीतही त्याने हीच सांगितली होती म्हणे. आपल्या बोटांत काहीतरी आहे, हे त्याला त्या वयात कळलं आणि पुढचं आयुष्य ठरलं.

म्हणून त्याने रेसचाच गेम आणला. पण एक धास्ती होती. पहिल्याच फेरीत गाडी भिंतीवर आपटली असती तर चेंडूमागोमाग कंट्रोलरही कपाटावर गेला असता. मग धाकट्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. दादाची गाडी तो प्रोग्राम चालवणार, दादा नुसती बटणं दाबणार. कंट्रोलर खरोखर चालू झाला, तर प्रोग्राम आपणहून बाजूला होणार. ही सोय त्याने पुढच्या आशेवर ठेवली होती. दादाला फसवतोय याचं वाईट वाटत होतं, पण पडून राहिलेला दादा त्याला बघवत नव्हता.

पहिल्या दिवशी दादा थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, "आज कधी बसायचं?"

धाकटा ऑफिसातून थेट तिकडेच यायला लागला. "वळणावर डावं दाब दादा, डावं," तो ओरडायचा आणि दादा ओठ चावत जीव खाऊन बटणं दाबायचा. बोटं घामेजायची. घसरतंय म्हणून दादाने वहिनीला सुटाच्या गरम कापडाचा तुकडा आणायला लावला, डाव्या हाताने खडूच्या खुणा केल्या आणि कंट्रोलरला अंगाबरोबर बसणारं कव्हर शिवून घेतलं. आजारपणानंतर त्याने बेतलेलं ते पहिलं कापड. धाकट्याला इतका आनंद झाला की त्याने त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

त्याच सुमारास वहिनीने तक्रार केली. "बाहेरचं घड्याळ बंद, स्वयंपाकघरातलंही बंद. दोन्ही एकदम कशी पडतात?"

"भिंतीवर घड्याळ हवंच कशाला? मोबाईलमध्ये बघा की," धाकटा म्हणाला. याही विषयात त्याचं मत होतंच.

त्यानंतर दादाची गाडी वेडीवाकडी धावायला लागली. भिंतीला घासायची, एकदा तर उलटीच फिरली. धाकटा स्वतःवर खूश झाला. नवशिक्याच्या चुका प्रोग्रामला हुबेहूब जमल्या होत्या. हळूहळू गाडी सुधारली. डॉक्टरही बोटं बघून म्हणाले, असंच चालू द्या.

रविवारी शेवटच्या वळणापर्यंत दोन्ही गाड्या बरोबरीने होत्या. वहिनी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. धाकटा नेहमीप्रमाणे जरा हात राखून खेळणार होता, पण रंगात आला आणि विसरला. तो जीव तोडून खेळला. तरी दादाची गाडी आतल्या बाजूने सरकली आणि पुढे निघून गेली.

वहिनीने लाटणं उंच धरलं. दादा लहान मुलासारखा हसत होता.

आपला प्रोग्राम आपल्यालाच भारी पडला, या कौतुकाने धाकट्याने लॅपटॉप उघडला. त्यावर प्रोग्रामच्या तोंडी त्यानेच लिहून ठेवलेली ओळ उमटली होती: कंट्रोलर चालू आहे, मी बाजूला. खाली तारीख गेल्या आठवड्यातली.

त्याने दादाच्या हातातून कंट्रोलर घेतला. जड होता. कव्हर सरकवलं तर खाली निळा दिवा लुकलुकत होता. त्याने भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बोटं वळायला लागली, तेव्हा सेल घातले."

"वजनावरून ओळखलंस?"

दादाने उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली आणि उघडली.

"नाही रे. बंद रिमोट मलाही पूर्वी एकाच्या हातात द्यावा लागायचा. हरला की दोन दोन दिवस जेवायचा नाही," तो म्हणाला. "पाच वर्षांचा होतास. तुझी तार मी एकदाही लावली नव्हती."