निळ्या डोळ्याखाली

ब्रशवरून निसटलेला थेंब नेमका बाहुलीच्या डोळ्यावर पडला. व्हर्नाने घाईघाईने फडक्याचं टोक टेकवलं, तर अख्खा निळा डोळाच फडक्यावर उतरून आला.

गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरी बसून होता. बेकार चित्रकारांना सरकारने जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढायचं काम दिलं होतं, त्यावर घरची चूल पेटत होती. वस्तू बिघडली तर काम गेलंच. त्यात ही लाकडी बाहुली बघायला मिळावी म्हणून तिने म्हाताऱ्या थेयरबाईंच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या! साऱ्या व्हरमाँटमध्ये अशी दुसरी नसेल. बाई बाहुली घराबाहेर नेऊ देत नव्हत्या.

कागदावरची बाहुली जवळजवळ पुरी झाली होती. झग्याच्या चुण्या पेन्सिलीने, झिजलेले गाल जलरंगात, डोळे निळे. त्याच निळ्याचा एक ठिपका खऱ्या बाहुलीवर टेकवला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. आत थेयरबाई भांडी घासत होत्या. व्हर्नाने ब्रश निळ्यात बुडवला. मग तसाच खाली ठेवला.

"थेयरबाई, जरा येता का? माझ्या हातून घोटाळा झालाय."

ओले हात पुसत बाई आल्या. बाहुली उचलून खिडकीशी गेल्या.

"मी रंगवून देते ना, अगदी होता तस्सा..."

"हात लावू नकोस!"

निळ्याच्या जागी एक तपकिरी डोळा होता. बारीक, कोपऱ्यात हसरा.

"आई गेल्यावर बाबांनी ही कोरली, तिचाच चेहरा काढून," थेयरबाई हळूच म्हणाल्या. "मी तीन वर्षांची. ती बघितली की मी आकांत करायचे म्हणे. म्हणून आत्याने त्यावर दुसराच चेहरा रंगवला. मला वाटायचं, खालचा तिने खरवडूनच टाकला असेल."

व्हर्ना पुन्हा खुर्चीत बसली.

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

थेयरबाईंनी बाहुली तिच्या मांडीवर ठेवली आणि पाण्याची वाटी पुढे सरकवली.

"पूस, पोरी. सावकाश पूस. सत्तरी उलटली माझी, आणि आई अजून बघायची राहिलीय."