इमेज फोर वन वन टू

“सर, आपल्या शाळेची वेबसाइट उघडली की सगळ्यात वर ‘इमेज फोर वन वन टू’ येतं, ते काय आहे?”

विचारलंच मी, भर असेंब्लीत! माझ्या मैत्रिणी देवयानी आणि इनायत कधीच्या मागे लागल्या होत्या, “हिंमत असेल तर सरांना विचार यार, आमचे कान नको खाऊस.”

मला दिसत नाही, माझा फोन मला स्क्रीन वाचून दाखवतो. शाळेच्या नव्या वेबसाइटवर मात्र तो नुसता “बटण, बटण, बटण” करत बसतो, कुठलं कशाचं ते सांगतच नाही. त्यामुळे तिथला अकरावीच्या विषयांचा फॉर्म बाबांनी भरला आणि मला न विचारता संगीत निवडलं. म्हणे, तुला तेच सोपं जाईल.

कॉम्प्युटरचे सर एकदम खूश झाले. “अरे बेटा, ते तर आपलं सर्टिफिकेट! अंध मुलंसुद्धा आपली वेबसाइट पूर्ण वाचू शकतात, असं लिहिलंय त्यावर.”

फोटो चढवताना त्याचं वर्णन लिहायची एक जागा असते, ती त्यांनी रिकामीच सोडली होती, म्हणून माझा फोन सर्टिफिकेटच्या फोटोचा नुसता नंबर वाचत होता. आधी इनायत फिस्सकन हसली, मग अख्खी शाळा. मी तशीच उभी राहिले, सर “बसा, बसा” म्हणेपर्यंत.

घरी आले, दप्तर टाकलं आणि दोघांना समोर बसवलं.



“आई, बाबा, मला दिसत नाही हे खरं, पण मी किती बेसूर गाते हे तुम्हाला ऐकूही येत नाही का? मी कॉम्प्युटर सायन्स घेतेय!”